स्मार्टवॉचचा डिस्प्ले: अमोलेड, एलसीडी, एमआयपी आणि तो निट्सचा गोंधळ

स्मार्टवॉच घ्यायचं म्हटलं की फीचर्सच्या यादीत सगळ्यात वर डिस्प्ले असतो. अमोलेड, एचडी, रेटिना, २००० निट्स (म्हणजे स्क्रीन किती उजळते त्याचा आकडा), ४६६ बाय ४६६, ऑलवेज ऑन (म्हणजे स्क्रीनवर वेळ कायम दिसत राहणं), आणि हे सगळं वाचून झाल्यावर माणसाच्या हाती एवढंच लागतं की जे महाग ते चांगलं असणार. तसं नेहमी नसतं. काही लोकांना तर महागातली झगमगीत स्क्रीन उलट त्रासाची ठरते आणि फिक्कट दिसणारी, दुकानात अजिबात न आवडलेली स्क्रीन वर्षभर मस्त चालते.

गडबड होते ती अशी की घड्याळाची स्क्रीन म्हणजे छोटी केलेली फोनची स्क्रीन असं धरून आपण तुलना करायला बसतो. फोन आपण हातात घेऊन दहा-दहा मिनिटं बघत बसतो, घड्याळाकडे फार तर दोन सेकंद बघतो पण दिवसातून कितीतरी वेळा, त्यात बऱ्याचदा बाहेर, चालताना, पळताना, सिग्नलला थांबलेलं असताना, मनगट अर्धवट वळवून, तिरकं. आणि फोनमध्ये ५००० एमएएचच्या आसपास बॅटरी असते तर घड्याळात साधारण ३०० ते ५००. म्हणजे इथे खरा प्रश्न असा आहे की डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश कुठून येतो आणि तो किती वेळ परवडतो. रंग, रिझोल्यूशन, काच हे सगळं त्याच्या नंतर.

आणि हा प्रश्न काही स्मार्टवॉचसोबत आलेला नाही बरं का. १९७२ मध्ये हॅमिल्टन कंपनीचं पल्सर नावाचं डिजिटल घड्याळ बाजारात आलं, त्यात लाल एलईडीचे आकडे होते, दिसायला भारी, पण ते एलईडी एवढी वीज खायचे की आकडे कायम चालू ठेवणं शक्यच नव्हतं, वेळ बघायची तर बटण दाबायचं, मग आकडे उजळायचे आणि पुन्हा विझायचे. म्हणजे घड्याळ बघायला दोन्ही हात लागायचे! पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, सायकोने सहा आकडी एलसीडी घड्याळ आणलं. एलसीडी स्वतः उजळत नाही, आजूबाजूच्या उजेडात नुसती काळी-पांढरी दिसते, त्यामुळे वीज जवळजवळ लागतच नाही आणि वेळ चोवीस तास समोर. एलईडीची घड्याळं त्यानंतर काही वर्षांतच मागे पडली. आज अमोलेड विरुद्ध एमआयपी म्हणून जे वाद चालतात ना, ते मुळात हेच भांडण आहे, स्वतः उजळणारी स्क्रीन की आजूबाजूचा उजेड वापरणारी.

आता एकेक प्रकार बघू, सुरुवात स्वस्तातल्या घड्याळांपासून.

बजेट घड्याळावर टीएफटी, आयपीएस किंवा नुसतं एलसीडी असं लिहिलेलं असतं. तिन्हीचं काम साधारण एकच. मागे एक बॅकलाइट असतो, पांढऱ्या एलईडीचा, तो पूर्ण स्क्रीनभर सारखाच पेटलेला असतो. त्याच्यापुढे लिक्विड क्रिस्टलचा थर, तो खिडकीच्या झडपांसारखा काम करतो, जिथे उजेड हवा तिथे झडप उघडी, जिथे काळं हवं तिथे बंद. त्यापुढे लाल-हिरवा-निळा फिल्टर. या झडपा शंभर टक्के बंद होत नाहीत, थोडा प्रकाश गळतोच, म्हणून एलसीडीवरचा काळा रंग अंधारात बघितला तर करडा दिसतो. शिवाय पोलरायझर (ठराविक दिशेचाच प्रकाश पुढे सोडणारा थर) आणि रंगाचे फिल्टर मिळून बॅकलाइटचा बहुतेक प्रकाश आतल्या आतच खाऊन टाकतात, बाहेर येतो तो दहा टक्क्यांच्याही आत. म्हणजे स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीवर नुसती वेळ दाखवायची असली तरी मागचा दिवा पूर्ण ताकदीने जळतोय आणि त्यातलं बरंचसं वाया जातंय. म्हणूनच असल्या घड्याळात ऑलवेज ऑन बहुतेक नसतंच, आणि असलं तरी बॅटरीचा निकाल लावतं.

आयपीएस म्हणजे त्या क्रिस्टलची मांडणी अशी की तिरकं बघितलं तरी रंग फार बदलत नाहीत. जुन्या टीएन पॅनेलमध्ये थोडं तिरकं झालं की रंग उलटसुलट व्हायचे. घड्याळ आपण बहुतेक वेळा तिरकंच बघतो त्यामुळे एलसीडीच घ्यायची झाली तर आयपीएस आहे का एवढं विचारा. आणि टीएफटी म्हणजे हलकं असा जो समज झालाय तो थोडा गमतीशीर आहे, कारण टीएफटी हा नुसता पिक्सेल चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा थर आहे आणि तो अमोलेडमध्येही असतोच. जाहिरातीत नुसतं टीएफटी लिहिलं असेल तर समजायचं की साधी एलसीडी आहे आणि सांगण्यासारखं फार काही नाहीये.

अमोलेडमध्ये बॅकलाइटच नसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो. काही सेंद्रिय म्हणजे कार्बनी रसायनांचे अगदी पातळ थर असतात, त्यातून करंट सोडला की ते प्रकाश देतात. कमी व्होल्टेजवर नीट चालणारा असा ओएलईडी कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला, आज आपल्या मनगटावर जे आहे त्याची सुरुवात तिथली. काळा पिक्सेल म्हणजे बंद पिक्सेल, प्रकाश शून्य, वीजही जवळपास शून्य. म्हणूनच बहुतेक अमोलेड घड्याळांचे वॉचफेस, म्हणजे वेळ दाखवणारं मुख्य चित्र, काळे असतात, ते नुसतं फॅशन म्हणून नाही. पांढराशुभ्र फोटो वॉचफेस म्हणून लावला तर तेच घड्याळ आधी टिकायचं त्यापेक्षा लवकर चार्जिंगला लावावं लागेल, आणि मग लोक म्हणतात कंपनी खोटं बोलली.

काळ्याचा अजून एक फायदा फारसा कोणी बोलत नाही. काळा खरंच काळा असेल तर स्क्रीन कुठे संपते आणि कडेची बॉर्डर कुठे सुरू होते ते दिसतच नाही, सगळं एकसंध वाटतं. एलसीडीत करडा चौकोन आणि त्याच्याभोवती काळी जाड चौकट असं सरळ दिसतं. जाहिरातीतल्या चित्रात मात्र दोघांनाही बॉर्डर नसते, ते चित्र कंप्युटरवर बनवलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका, कोणी हातात घालून काढलेला फोटो किंवा व्हिडिओ शोधा.

तोटे काय? ही सेंद्रिय रसायनं वापराने म्हातारी होतात, त्यात निळा सगळ्यात लवकर. एकच वॉचफेस, एकाच जागी, कायम चालू ठेवला तर काही काळाने त्याची पुसट सावली राहू शकते, यालाच बर्न-इन म्हणतात. कंपन्या यावर उपाय म्हणून ऑलवेज ऑनमधलं चित्र अधूनमधून थोडंसं सरकवतात, एवढं थोडं की आपल्याला कळतही नाही. घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण भगभगीत पांढरे ठोकळे असलेला फेस चोवीस तास ठेवू नये आणि अधूनमधून फेस बदलावा, एवढं पुरे. दुसरं म्हणजे कमी ब्राइटनेसला काही पॅनेल पिक्सेल पटापट चालू-बंद करून उजेड कमी झाल्याचा भास देतात, ज्यांना त्या लुकलुकण्याचा त्रास होतो त्यांचं डोकं दुखतं, पण घड्याळाकडे आपण एवढा कमी वेळ बघतो की फोनइतका हा मुद्दा इथे मोठा नाही.

सुपर अमोलेड हे सॅमसंगचं नाव, टचचा सेन्सर वेगळ्या थरात न ठेवता पॅनेलमध्येच घातलेला असतो. रेटिना हे अ‍ॅपलने ठेवलेलं नाव. एचडी तर घड्याळावर काहीही असू शकतं, २४० बाय २८४ पिक्सेलच्या स्क्रीनलासुद्धा एचडी म्हणून विकतात, सरळ दुर्लक्ष करा.

आता ऑलवेज ऑन, कारण घड्याळाला घड्याळपण त्यानेच येतं असं माझं मत आहे. मनगट झटकून स्क्रीन उठवायची, ती अर्धा-एक सेकंद विचार करणार, कधी उठणार कधी नाही, आणि हातात पिशव्या असल्या किंवा झोपून पडलेलं असलं की अजिबात नाही, याला घड्याळ बघणं म्हणायचं का?

अमोलेडमध्ये ऑलवेज ऑन परवडायला लागलं त्यामागे एलटीपीओ नावाची गोष्ट आहे. प्रत्येक पिक्सेलच्या मागे छोटे ट्रान्झिस्टर असतात, पिक्सेलने किती उजळायचं हे ते विजेच्या छोट्याशा साठ्याच्या रूपात धरून ठेवतात. आधीच्या एलटीपीएस प्रकारच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरमधून हा साठा गळतो, म्हणून चित्र अजिबात बदललं नसलं तरी ते सेकंदाला ६० वेळा पुन्हा पुन्हा लिहावं लागतं, आणि प्रत्येक लिहिण्याला वीज लागते. ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर कमी गळतात पण तेवढे चपळ नसतात. एलटीपीओत दोन्ही एकत्र वापरले, जिथे वेग हवा तिथे सिलिकॉन, जिथे धरून ठेवायचंय तिथे ऑक्साइड. मग चित्र सेकंदाला एकदाच लिहिलं तरी टिकतं, म्हणजेच १ हर्ट्झ. अ‍ॅपलने २०१८ च्या वॉच सिरीज ४ मध्ये एलटीपीओ पॅनेल वापरलं आणि २०१९ च्या सिरीज ५ मध्ये त्याच जोरावर ऑलवेज ऑन दिलं. तेव्हा मंद झालेल्या फेसवर वेळ मिनिटाला एकदा बदलायची, सेकंदकाटा गायब व्हायचा, २०२४ च्या सिरीज १० मध्ये तो काही फेसवर दर सेकंदाला टिकटिक करायला लागला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मधे पाच वर्षं गेली.

स्वस्त अमोलेड घड्याळातही ऑलवेज ऑन असतं, पण एलटीपीओ बहुतेक नसतं, त्यामुळे तिथे बॅटरी सरळ निम्मी किंवा त्याहून कमी होऊ शकते. खोक्यावरचे बॅटरीचे दिवस जवळपास नेहमी ऑलवेज ऑन बंद ठेवून मोजलेले असतात, खाली बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो, तो वाचा. चांगल्या कंपन्या दोन्ही आकडे देतात. उदाहरण घ्या, गार्मिनची एपिक्स जनरेशन २ आणि फिनिक्स ७ ही २०२२ ची दोन घड्याळं, बाकी बरीचशी सारखीच, दोन्हींची स्क्रीन १.३ इंचाची, फरक मुख्य म्हणजे स्क्रीनच्या प्रकारात. अमोलेडवाल्या एपिक्सचा कंपनीचा आकडा १६ दिवस, ऑलवेज ऑन केलं की ६ दिवस. एमआयपीवाल्या फिनिक्सचा १८ दिवस, आणि तिथे ऑलवेज ऑनचं वेगळं सेटिंगच नाही, कारण ती स्क्रीन बंद होतच नाही.

तर ही एमआयपी भानगड काय आहे. मेमरी इन पिक्सेल. ही पण एलसीडीच, पण दोन गोष्टी वेगळ्या. एक, प्रत्येक पिक्सेलच्या आतच एक-दोन बिटची मेमरी असते, आपण काळं राहायचं की पांढरं हे पिक्सेल स्वतःच लक्षात ठेवतो, त्यामुळे चित्र बदलत नसेल तर पुन्हा लिहायची गरजच नाही, वीज अगदी नगण्य. दोन, बॅकलाइटवर सगळा भार नसतो, मागे परावर्तक थर असतो, बाहेरचा उजेड आत जातो, तिथून परत फिरतो आणि आपल्याला दिसतो. अंधारासाठी छोटा बॅकलाइटही असतो, मनगट वळवलं किंवा बटण दाबलं की लागतो. उजेड परतही पाठवते आणि मागून थोडा आरपारही सोडते, अशा स्क्रीनला ट्रान्सफ्लेक्टिव्ह म्हणतात.

मेमरी पिक्सेलमध्येच असल्याने रंग मोजकेच. लाल, हिरव्या, निळ्याला प्रत्येकी दोन बिट धरले तर एकूण सहा बिट, म्हणजे ६४ रंग. बरीच गार्मिन घड्याळं इथेच आहेत. फिनिक्स ७ ची स्क्रीन २६० बाय २६० पिक्सेल तर त्याच आकाराच्या एपिक्सची ४१६ बाय ४१६. शेजारी शेजारी ठेवली तर घरात एपिक्स जिंकणार यात वादच नाही, फिनिक्स जुन्या कॅल्क्युलेटरच्या घराण्यातली वाटते. ज्यांना पेबल आठवत असेल, २०१३ मध्ये लोकांच्या हातात आलेलं, त्याची काळी-पांढरी स्क्रीन पण याच जातीची होती, शार्प कंपनीची मेमरी एलसीडी. ई-पेपर म्हणून ती ओळखली गेली पण पुस्तक वाचायच्या ई-रीडरमध्ये असते ती ई-इंक ती नव्हे. खरी ई-इंक घड्याळात फार कमी दिसते, फॉसिलच्या हायब्रिड एचआरसारख्या काही घड्याळात आहे, चित्र बदलायला तिला वेळ लागतो आणि बदलताना मागचं थोडं रेंगाळतं, पळताना दर सेकंदाला बदलणारे आकडे दाखवायचं काम तिचं नाही.

मग एमआयपी कोण घेतो? जो उन्हात असतो तो. आणि इथे निट्सचा विषय काढावाच लागतो कारण जाहिरातीत सगळ्यात जास्त फसवाफसवी याच आकड्याची चालते.

निट म्हणजे स्क्रीनच्या एक चौरस मीटर भागातून एका दिशेला किती प्रकाश येतो त्याचं माप, एवढं समजलं तरी पुरे. घरात १०० ते २०० निट्समध्ये आरामात दिसतं. बाहेर काय होतं बघा. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) प्रकाश पडतो. त्या उन्हात साधा पांढरा कागद धरला तर त्याची चमक २५ हजार निट्सच्या पुढे जाते! म्हणून तर बाहेर गेलं की कुठलीही स्क्रीन आपल्याला विझल्यासारखी वाटते, ती तेवढीच उजळ असते पण डोळा आजूबाजूच्या झगमगाटाला सरावलेला असतो. दुसरी अडचण, काचेवर आकाश दिसतं. साधं निळं आकाशसुद्धा काही हजार निट्सचं असतं, समजा ५००० धरलं आणि त्यातलं ४ टक्के काचेवरून परत फिरलं तर स्क्रीनच्या काळ्या भागावर २०० निट्सचा पांढुरका थर चढला. आता तुमची स्क्रीन ४०० निट्सची असेल तर पांढरा भाग झाला ६००, काळा २००, म्हणजे फरक फक्त तिप्पट. अमोलेडचं ते अनंत कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, बाहेर पाऊल टाकताच तिपटीवर आलं. १००० निट्स असेल तर सहापट, २००० असेल तर अकरापट. म्हणजे बाहेर निट्सचा फायदा होतो, खरंच होतो, पण ५०० वरून १००० ला जाताना जेवढा जाणवतो तेवढा २००० वरून ३००० ला जाताना जाणवत नाही, कारण डोळा काही सरळ हिशोबाने बघत नाही.

आता तोच १ लाख लक्सचा उजेड एमआयपीवर पाडा. समजा तिने त्यातला जेमतेम दहावा भाग परत फिरवला, तरी ते साधारण ३००० निट्स झाले, आणि तेही बॅटरीतला एक कणही खर्च न करता. ऊन वाढलं की ती अजून उजळते, पांढरा आणि काळा दोन्ही सोबत वाढतात त्यामुळे त्यांच्यातलं प्रमाण तसंच राहतं. अमोलेडचं उलट, ऊन वाढलं की तिला अजून वीज ओढून उजळावं लागतं. दुकानातल्या दिव्यांखाली एमआयपी बघून नाक मुरडणाऱ्याला हे कधी दिसतच नाही, बिचारीला बाहेर न्यायला हवं. हां, संध्याकाळच्या अर्धवट उजेडात मात्र ती सगळ्यात वाईट, परावर्तनाला पुरेसा उजेड नाही आणि बॅकलाइट लावला तरी खास फरक पडत नाही, हे पण सांगून ठेवतो.

निट्सच्या आकड्यात अजून एक मेख आहे. २००० किंवा ३००० लिहिलेलं असतं ते शिखर असतं, कायमचं नाही. अ‍ॅपल वॉच अल्ट्रा २ चं शिखर ३००० निट्स, पण ते बाहेरच्या कडक उन्हात, सेन्सरला तेवढा उजेड दिसला तरच, आणि बॅटरी-तापमान बघून. यात काही खोटं नाही, उलट तसंच हवं. वांधा स्वस्त घड्याळांचा होतो. कित्येक स्वस्त घड्याळात उजेड मोजणारा सेन्सरच नसतो! म्हणजे ऑटो ब्राइटनेस नाही. घरात तुम्ही ब्राइटनेस ३० टक्के ठेवलाय, बाहेर उन्हात गेलात, काही दिसत नाहीये, आणि ब्राइटनेस वाढवायचं सेटिंग जिथे आहे तो मेन्यूपण दिसत नाहीये. खोक्यावरचे १००० निट्स चुलीत घालायचे का. म्हणून मी तर म्हणतो निट्सच्या आधी अँबियंट लाइट सेन्सर आहे का ते बघा. सेन्सरसकट ६०० निट्स हे सेन्सरशिवायच्या १००० पेक्षा रोजच्या वापरात बरे. रात्रीचंही बघा, खालचा आकडा कोणी विचारतच नाही, अंधाऱ्या खोलीत सगळ्यात कमी ब्राइटनेसलाही डोळ्यात घुसणारी घड्याळं आहेत. अ‍ॅपलने सिरीज ९ मध्ये खाली १ निटपर्यंत जाता येतं हे मुद्दाम सांगितलं ते उगाच नाही.

तिरकं बघण्याचंही तसंच. समोरून मोजलेला ब्राइटनेस आणि मनगट टेबलावर असताना तिरका दिसणारा ब्राइटनेस यात बराच फरक असतो. सिरीज १० मध्ये पिक्सेल असे बसवलेत की तिरकं बघताना आधीपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत जास्त उजेड दिसतो असा अ‍ॅपलचा दावा आहे, आणि निदान प्रश्न तरी त्यांनी बरोबर पकडलाय. पोलराइज्ड गॉगल घालणाऱ्यांनी तर घड्याळ गॉगल लावूनच बघावं. एलसीडी असो वा अमोलेड, पुढे पोलरायझर असतो, ठराविक कोनात स्क्रीन काळीकुट्ट दिसू शकते, आणि तो कोन नेमका तुमच्या सायकलच्या हँडलवर हात असतानाचा निघाला तर झालंच.

रिझोल्यूशनचं मी थोडक्यात आटपतो कारण इथे खरंच फार काही उरलेलं नाही. साधारण ३० सेंटिमीटरवरून चांगल्या नजरेला इंचात २९० च्या आसपास पिक्सेल असले की वेगवेगळे ठिपके दिसेनासे होतात. १.४३ इंची गोल, ४६६ बाय ४६६ म्हणजे ३२६ पीपीआय (इंचात ३२६ पिक्सेल), झालं काम. १.२८ इंची गोल, २४० बाय २४० म्हणजे १८७ च्या आसपास, तिथे बारीक अक्षरांच्या कडा करवती दिसतात, मोठे आकडे ठीक दिसतात. काही अमोलेड पॅनेलमध्ये शेजारचे पिक्सेल रंग वाटून घेतात त्यामुळे आकड्यापेक्षा थोडं कमी रेखीव वाटू शकतं, पण ३०० च्या पुढे कोणाला फरक पडत नाही.

इंचाचा आकडा मात्र जपून वाचा. चौकोनीचा इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, गोलाचा व्यास. त्यामुळे १.८३ इंची चौकोनी स्क्रीन १.४३ इंची गोलपेक्षा खूप मोठी असणार असं वाटतं, प्रत्यक्षात हिशोब केला तर २४० बाय २८४ च्या प्रमाणातल्या चौकोनाचं क्षेत्रफळ साधारण १.६५ चौरस इंच आणि त्या गोलाचं १.६, म्हणजे जवळपास सारखं. फक्त गोलात मजकुराच्या ओळी वर-खाली कापल्या जातात, मेसेज वाचायला चौकोनी बरी, काट्यांचं घड्याळ बघायला गोल. गोल स्क्रीन बनवणंही एकेकाळी अवघड होतं, २०१४ च्या मोटो ३६० मध्ये तळाला एक काळी सपाट पट्टी होती, डिस्प्लेचं सर्किट आणि लाइट सेन्सर ठेवायला दुसरी जागाच नव्हती, लोकांनी त्याला पंक्चर टायर म्हणून चिडवलं. पण सेन्सर तरी होता!

स्क्रोल करताना अडखळतं तेव्हा लोक डिस्प्लेला दोष देतात. बहुतेक वेळा पॅनेल ६० हर्ट्झचं चांगलंच असतं, आतली चिपच तेवढ्या वेगाने चित्र पाठवू शकत नाही. म्हणजे अमोलेड लिहिलंय म्हणून सगळं लोण्यासारखं चालेल असं नाही.

काचेबद्दल एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे, ती सफायरची. कडकपणाच्या मोजमापात सफायर ९, वाळूतला क्वार्ट्झ ७, साधी काच त्याच्याही खाली, म्हणून भिंतीवर, दारावर घासलं तरी सफायरला सहसा चरा पडत नाही. पण सफायर प्रकाश जास्त परत फेकतो, साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून ४ टक्के तर सफायरवरून ७ ते ८. वरचा हिशोब आठवा, तो २०० निट्सचा पांढुरका थर इथे जवळपास दुप्पट होतो, निदान परावर्तन कमी करणारा लेप नसेल तर. तेव्हा महाग सफायरवालं मॉडेल उन्हात स्वस्त काचवाल्यापेक्षा कमी वाचता येतं असं होऊ शकतं. आणि वरून चिकटवलेला स्क्रीनगार्ड, त्याच्यात हवेचे बुडबुडे, तो अजून थोडी चमक वाढवतो. स्वस्त घड्याळात काच आणि पॅनेल यांच्यामध्येच हवेची फट असते, तिथेही दोनदा परावर्तन. स्क्रीन बंद असताना दिव्याखाली धरून बघा, चित्र खोल विहिरीत असल्यासारखं वाटलं तर फट आहे, काचेवर छापल्यासारखं वाटलं तर नाही.

दोन्ही जगांचं चांगलं एकाच घड्याळात आणायचा प्रयत्नही झालाय, २०१८ च्या टिकवॉच प्रोमध्ये अमोलेडच्या वर एक पारदर्शक साधी एलसीडी बसवली होती, एरवी वरची एलसीडी वेळ दाखवणार, काम पडलं की खालची अमोलेड उजळणार. कल्पना मला अजूनही आवडते. आता मायक्रोएलईडी येतंय, म्हणजे सेंद्रिय रसायनांऐवजी अगदी सूक्ष्म, न म्हातारे होणारे म्हणा किंवा खूप हळू होणारे म्हणा, असे एलईडी. गार्मिनने २०२५ मध्ये फिनिक्स ८ प्रोची अशी आवृत्ती काढली, ४ लाखांहून जास्त एलईडी आणि ४५०० निट्स. बॅटरी मात्र त्याच घड्याळाच्या अमोलेड आवृत्तीपेक्षा बरीच कमी. म्हणजे १९७२ ला जे झालं तेच, पन्नास वर्षांनी, जरा जास्त पिक्सेलमध्ये. पुढे सुधारेल नक्की, आज घाई करण्यात अर्थ नाही.

आता घ्यायचं काय. तासन् तास उन्हात असाल, लांब पळणं, सायकल, डोंगर, शेत, समुद्र, आणि चार्जरचा कंटाळा असेल तर एमआयपी, डोळे झाकून. ऑफिस-घर-जिम आणि मेसेज वाचणं असेल तर अमोलेड, पण लाइट सेन्सर असलेली, आणि ऑलवेज ऑन चालू ठेवून बॅटरी किती ते विचारून. बजेट अगदीच कमी असेल तर सेन्सर नसलेल्या नकली झगमगाटी अमोलेडपेक्षा साधी आयपीएस चालेल, निदान काय मिळतंय ते माहीत असतं. हातात घेऊन बघायला मिळालं तर दुकानाच्या बाहेर या, सूर्याकडे पाठ करून एकदा आणि तोंड करून एकदा बघा, मनगट तिरकं ठेवून वेळ वाचा, मग मधल्या आकाराच्या अक्षरातला एखादा मेसेज उघडा. दुकानातला डेमो व्हिडिओ बघू नका, त्यातले फुलपाखरं-धबधबे तुम्ही घड्याळावर कधी बघणार नाही.

आणि ज्यांना चाळिशी लागलीये त्यांच्यासाठी वरचा पीपीआयचा सगळा हिशोब निकामी आहे. चष्मा नसताना ३० सेंटिमीटरवरचं धूसर दिसत असेल तर ३२६ पीपीआय आणि २०० पीपीआय सारखेच धूसर. तिथे बघायचं ते एवढंच, की अक्षरं मोठी करायचं सेटिंग आहे का, ते मेसेजलाही लागू होतं की नुसतं मेन्यूला, आणि काळ्यावर पांढरे मोठे जाड आकडे असलेला वॉचफेस मिळतो का. बऱ्याच घड्याळात पहिलं असतं, दुसरं नसतं, ते विकत घेण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन स्वतः उघडून बघा.